गरम पाण्यात सुटलेला शिक्का

माझी खाला बायकांचं पार्लर चालवायची आणि गिऱ्हाइकांनी तिचं नाव 'पोलीस' ठेवलं होतं. क्रीम असो की लिपस्टिक, हलालचा शिक्का बघितल्याशिवाय ती काही घ्यायची नाही. सेल्समनला प्रश्न विचारून विचारून घाम फोडायची. ओठांना लावलेलं पोटात जातंच, हे तिचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे बायका डबीकडे बघायच्याच नाहीत. खुर्चीत बसायच्या, मान मागे टाकायच्या आणि डोळे मिटायच्या.

पुढे मामू, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, या धंद्यात आला आणि सगळा माल तोच आणून द्यायला लागला. त्याला खालानेच लहानाचा मोठा केलेला. जगाची उलटतपासणी घेणारी ही बाई भावाला मात्र एका शब्दाने विचारायची नाही. मला ते खटकायचं, पण घरच्या माणसावर संशय घ्यायचा कसा?

रिकाम्या डब्या पिना ठेवायला होतात म्हणून खाला त्या गरम पाण्यात भिजवायची. एका दुपारी तिने पाण्यातून हात काढला, तर बोटाला हलालचा शिक्का चिकटलेला. डबीचा बाकी कागद जागच्या जागी. शिक्का होता तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, जनावराची चरबी. कोणत्या, ते नव्हतं. मग आम्ही कपाटातल्या भरलेल्या डब्याही बुडवल्या. सगळ्यांची तीच गत.

मामूला बोलावलं. त्याने कानांवर हात ठेवले असते तरी परवडलं असतं. शिक्के त्यानेच छापून घेतले होते. खरा माल महाग पडतो, म्हणाला, आणि शिक्का दिसला की बायकांचं समाधान होतं.

"त्या शिक्का कुठे बघत होत्या?" खाला म्हणाली. "माझ्याकडे बघत होत्या."

"आपा, कुणाला कळणार आहे?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि वर हा चहा मागत होता. खालाने त्याला दार दाखवलं.

संध्याकाळी तिची जुनी गिऱ्हाईक आली, शाळेतली शिक्षिका. बसली, डोळे मिटले. खालाने तिला डोळे उघडायला लावलं आणि सगळं सांगितलं, फक्त भावाचं नाव सोडून.

"नमाजला उभी राहायचे, तेव्हाही हेच होतं माझ्या ओठांवर?"

खालाने होकारार्थी मान हलवली. शिक्षिकेने ओढणीने ओठ पुसले. ओठांवर काहीच नव्हतं, तरी पुसत राहिली. मग पर्स उचलून दारापर्यंत गेली आणि वळली.

"तू तर बघून घ्यायचीस ना गं?"

"नाही बघितलं," खाला म्हणाली.