रोहित काय करताहेत?

आज कॉलेजच्या कपाटातली दुर्बीण पुसताना तिच्या रबराचा वास आला आणि मी भांडुपच्या खाडीच्या बांधावर जाऊन पोचले.

तेव्हा माझं कॉलेजचं पहिलं वर्ष होतं. पक्षी बघायला आलेल्या आमच्या गटात मुलुंडचे एक म्हातारे काका होते. दूर चिखलात रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ दिसत होती. काकांनी स्वतःची दुर्बीण माझ्या हातात दिली आणि वही उघडली.

"मला आता यातूनही धूसर दिसतं गं. काय करताहेत ते, तू सांग."

दुर्बीण मी पहिल्यांदाच धरली होती. आत नुसता काळोख आणि माझ्याच पापण्या.

"लवकर कर ना यार," मागून मैत्रीण म्हणाली. "सगळे थांबलेत."

"दिसले," मी म्हणाले. "मासे पकडताहेत."

काकांचं पेन थांबलं. "बरं, बाळा," म्हणत त्यांनी वही मिटली.

रोहित चिखलातलं शेवाळ गाळून खातात, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. काकांना ते तेव्हाच माहीत असणार. खोटं पकडलं गेल्याची लाज बरेच दिवस वाटली. आता वाटते ती वेगळी आहे. "मला दिसत नाहीये," एवढं मी म्हणाले असते, तर त्यांनी दुर्बिणीचं चाक फिरवून मला पक्षी दाखवले असते, आणि मग मी त्यांना.