पुसलेला फळा पुसताना

गणिताचा प्रश्न विचारला की मी फळ्याकडे वळते आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसत बसते. मागच्या बाकांवरच्या मुलांना विचार करायला तेवढाच वेळ मिळतो. नाशिक रोडच्या आमच्या शाळेने धडे मोबाइलवर टाकायचं ठरवलं, तेव्हा कॅमेऱ्यासमोरही मी तेच केलं. ई-लर्निंगचं प्रशिक्षण द्यायला आलेल्या साहेबांनी डोक्याला हात लावला. "मॅडम, एवढी शांतता? मुलं व्हिडिओ बंद करतील!" त्यांनी माझं थांबणं प्रत्येक ठिकाणी कापून टाकलं. वर आम्हालाच शिकवलं, की ई-लर्निंगमध्ये प्रत्येक मूल आपापल्या गतीने शिकतं. माझं टाळकंच सटकलं. मग मी चोवीस वर्षं फळा कशासाठी पुसत होते?

पुढे तापामुळे घरी राहिलेली सायखेड्याची एक मुलगी तो धडा बघून शाळेत आली. म्हणाली, "मॅडम, मोबाइलमधी तुम्ही विचारता आन् लगेच उत्तर सांगून मोकळ्या होता."

"अगं, मग पॉज करायचं ना!" मी तिच्यावरच खेकसले.

"केलं ना. पण तेव्हा मोबाइल थांबतो, मॅडम. तुम्ही नाय थांबत."