रुसकी वहिनी कोण होती

टेलरबाईंच्या दुकानासमोरच्या बसथांब्याचं नाव ‘रुसकी वहिनी’. कंडक्टर नाकात ओरडतात, "चला, रुसकी वहिनीवाले पुढे या," आणि मशीनवर बाईंच्या पायाचा ठेका दर वेळी चुकतो. कारण ती वहिनी म्हणजे त्याच. हे त्यांच्याखेरीज ठाऊक होतं फक्त त्यांच्या दिराला, आणि नाव ठेवणाराही तोच. हे नाव एकदाचं पुसलं जावं, एवढीच बाईंची आस होती.

एक दिवस बस कार्यालयाचे साहेब नव्या पाट्यांसाठी चौकशी करत आले. "काय आहे, ज्या नावाला आगापिछा नाही, ते आम्ही बदलतोय. इथे आपलं त्या पलीकडच्या दुकानावरून ‘औषध दुकान’ लिहून टाकू."

बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या नुसतं "म्म" म्हणाल्या. गप्प बसलं की काम फत्ते.

पण शेजारचे निवृत्त गुरुजी गप्प बसतील तर ते गुरुजी कसले. "त्याचं असं आहे, साहेब," त्यांनी घसा साफ केला, "फार पूर्वी, राजाची वहिनी, बरं का, या इथे, अडून बसली."

"कशासाठी?"

"बायकांचं कशासाठी असतं? हारासाठी."

बाईंनी एकेक टाचणी काढून उशीत खोचली.

"हार नव्हता," त्या म्हणाल्या. "मशीन होतं."

मग सगळं बाहेर पडलं. दुकान नवीन होतं, तेव्हा मशीनचं डोकं मांडीवर घेऊन त्या दिराच्याच बसमधून येत होत्या. दीर कंडक्टर. "भाऊजी, दुकानापाशी घंटा मारा." "वहिनी, इथे थांबा नाही. नियम म्हणजे नियम." बाई पुढच्या थांब्यावर उतरल्या, ते धूड उचलून मागे चालत आल्या आणि दुकान न उघडता समोरच्या कठड्यावर बसल्या. मग दर फेरीला बस तिथे थांबायची आणि दीर खाली उतरून गयावया करायचा, "वहिनी, चला ना. दादा मला घरात घेणार नाही." वहिनी तोंड फिरवायच्या. बस थांबतेय म्हटल्यावर लोक तिथेच चढू लागले, आणि दुसऱ्या दिवशी तिथेच वाट बघत उभे.

"म्हणजे थांबा तुमच्यामुळे झाला?"

"मग काय हारामुळे?"

"तरी राजाच्या वहिनीचा उल्लेख कुठेतरी बारीक अक्षरात..." गुरुजी पुटपुटले.

"गुरुजी, तुमच्या पायजम्याचा एकच पाय शिवून झालाय."

गुरुजींना घरचं काम आठवलं.

साहेब गेल्यावर बाईंनी कपाळावर हात मारला. नाव पक्कं झालं होतं, आणि ते त्यांनीच केलं होतं. पण दुपारी एका गिऱ्हाइकाला पत्ता सांगताना त्या म्हणाल्या, "रुसकी वहिनीला उतरा. हो, मीच ती."

पाटी आली. कामगारांनी खांब रोवला तो नेमका औषधवाल्याच्या दारात.

"बाई, खड्डा इथेच खणलाय. आता काही होत नाही," कामगार म्हणाला.

बाईंनी कापड सुईखाली तसंच सोडलं, बाहेर गेल्या आणि कठड्यावर बसल्या.

तेवढ्यात बस आली. पाटी बघायला म्हणून म्हातारा दीर काठी टेकत उतरला. त्यानं खांबाकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं आणि कामगाराला हळूच बाजूला घेतलं.

"खांब उपट, बाबा. मला अनुभव आहे."