पैसे घेऊन पळणारा साडू

जव्हारपासून मोखाड्यापर्यंत जेवढे चढ आहेत, तेवढ्यांशी माझ्या साडूचं भांडण आहे, आणि त्यातला एकही चढ अजून त्याला सायकलवरून खाली उतरवू शकलेला नाय. माणसांशी पण भांडण आहे. त्याचं आहे आणि ह्या प्रकरणापासून माझं पण आहे, म्हणून तर सांगायला बसलो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. एका घरातल्या दोन पोरी, एकीला हा मिळाला, एकीला मी. सासू अजून सांगते, "थोरलीच्या वेळी नवरा नीट बघितला. धाकटीच्या वेळी सगळ्यांचं लक्ष जेवणाकडं होतं."

त्याचा धंदा सुक्या मासळीचा. सायकलच्या मागं दोन टोपल्या, एकीत सुकट, दुसरीत बोंबील. जव्हारच्या बाजारातून निघायचं, आज दाभोशाकडं, उद्या पोशेऱ्याकडं, वाटेत जेवढे पाडे लागतील तेवढे घ्यायचे. सायकलला घंटी नाय. कशाला पाहिजे? तो वळणाच्या पलीकडं असतो तेव्हाच वास अलीकडं पोचतो. जमिनीवर त्याला करमतच नाय. माझ्या लग्नात सायकल थेट मांडवात घेऊन आला. मी नवरदेव, मी म्हटलं, "बाहेर लाव ना रं." तर म्हणतो, "बाहेर ऊन हाय. तू उभा राहा उन्हात." माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत माझं तोंड पूर्ण आलेलं नाय, हँडल मात्र सगळ्यांत आहे. बायको म्हणते, तेवढेच फोटो चांगले आलेत.

आणि उतारावर हा माणूस ब्रेक लावत नाय. जिवावर येतं त्याच्या. "एवढं चढून कमावलेलं ब्रेकात कशाला घालवू?" एकदा टोपल्या रिकाम्या होत्या म्हणून मला मागं बसवलं. मी डोळे मिटले, सासूची आठवण काढली. पुढं वळण आलं. तो वळला, मी नाय वळलो. मी सरळ करवंदीच्या जाळीत. बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं की सायकल हलकी झाली. परत येऊन वरूनच विचारतो, "साडूभाऊ, करवंदं पिकलीत का बघ."

मी स्वतः जीपच्या स्टँडवर ओरडतो. "दाभोसा, दाभोसा, एक सीट, एक सीट!" शाळेत मास्तर ओरडायचे आणि मी ऐकत नव्हतो, आता मी ओरडतो आणि कुणी ऐकत नाय. साडूला जीपचा भारी राग. आत बसला की त्याला उलटी होते, बाहेर असला की तो जीपला शिव्या देतो, आणि जीप भरणारा मी, म्हणून पहिली शिवी माझ्या वाट्याला.

तर असं चाललं होतं. मग नाक्यावर बोर्ड लागला. मला वाचता येत नाय, पण सायकलचं चित्र कळतं. चहावाल्यानं वाचून दाखवलं, प्रादेशिक हौशी सायकल अजिंक्यपद. जव्हारहून निघायचं, घाट चढायचा. साडू बोर्डापुढं उभा. चहा गार झाला तरी हलेना.

"हौशी म्हणजे कोण रं?"

मी म्हटलं, "ज्याला हौस आहे तो."

"मग मीच की."

कधी काय मागितलं नाय ह्या माणसानं. पण तेव्हा हळूच म्हणाला, "इतकी वर्सं चढतोय. एकदा कुनीतरी कडंला उभं राहून बघू दे ना." मी नेहमी काहीतरी फाजील बोलतो. तेव्हा त्याचा गार झालेला चहा उचलून पिऊन टाकला.

शर्यतीच्या सकाळी त्यानं टोपल्या सोडल्या, सायकल राखेनं घासली, आणि मेहुणी सांगते, स्वतःला पण राखेनंच घासलं. नाव नोंदवायच्या टेबलापाशी टोपी घातलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला एक साहेब बसला होता. बोलायला गोड माणूस.

"काका, सायकल कशासाठी चालवता?"

"पोटासाठी."

"म्हणजे?"

"सुकट इकतो, बोंबील इकतो. घेणार का?"

साहेबानं पेन खाली ठेवलं. "मग तुम्हाला घेता येणार नाही, काका. सायकलवर कमाई करणारा हौशी धरत नाहीत. तो व्यावसायिक."

साडूनं माझ्याकडं बघितलं. साहेबाला पण वाईट वाटलं असावं, समजवायला लागला, "अहो, हा नियम तुमच्यासारख्यांच्या भल्यासाठीच केलाय. नाहीतर बाहेरून पैसे घेऊन पळणारे येतात आणि बक्षीस उचलून नेतात."

झालं. साडूला एवढंच ऐकू आलं, पैसे घेऊन पळणारे.

"कुनाचे घेऊन पळालो रं? बोल! ह्या बाजारातला एक मानूस उभा कर माझ्यापुढं! ए, सांगा रं ह्याला, कुनाचे घेऊन पळालो मी?"

"काका, तसं नाही, पळणारे म्हणजे शर्यतीत…"

"शर्यतीत काय आनि बाजारात काय! चोर तो चोर!"

मी मधे पडलो. मी मधे पडलो की बिघडतंच. म्हटलं, "साहेब, हा पळणार कसा? ह्याला चालायला पण जमत नाय."

साहेब माझ्याकडं वळला. "तुम्ही कोण?"

"साडू."

"सायकल चालवता?"

"पडेपर्यंत चालवतो."

"त्यातून काही कमाई?"

"कमाई कसली साहेब, मलमाचा खर्च."

तो हसला, रांग हसली, आणि कुणीतरी माझ्या पाठीवर नंबर चिकटवला. मी पात्र! अख्ख्या आयुष्यात मी कशाला पात्र ठरलो नव्हतो, सासूला विचारा. आणि ठरलो ते ह्यात, ज्यात मला ब्रेक कुठल्या हाताचा ते आठवत नाय.

आता तुम्हीच सांगा, राग येणार की नाय? मी रांगेत उभा राहून बघत होतो ना. माझ्या पुढच्याची सायकल गाडीच्या टपावरून आली होती, नवरीसारखी कापडात गुंडाळून. त्याच्या छातीवर दुकानाचं नाव, ते मागच्यानं वाचून सांगितलं, पाठीवर दुकानाचं नाव, बसायच्या जागेवर पण कसलंतरी नाव. त्याच्या पोटऱ्या चोळायला वेगळा माणूस. तो हौशी! आणि ज्याच्या बनियनवर स्वतःच्या घामाशिवाय काय नाय, तो धंदेवाला! अरे, दुकानाची पाटी अंगावर घेऊन फिरतो त्याला दुकान फुकट फिरवतं काय? मी स्टँडवर उभा राहून जीपसाठी ओरडतो, त्याला तुम्ही हौशी गाणं म्हणाल का? पैसेवाल्यानं घाम गाळला की हौस, आणि आमच्यातल्यानं गाळला की धंदा, हा कुठला न्याय? माझं ऐकाल तर नियम सोपा आहे. सगळ्यांच्या मागं बोंबलाची टोपली बांधा. जो नाक न दाबता वर पोचेल तो पात्र, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

हे सगळं मी मनातल्या मनात बोललो. तोंडानं म्हटलं, "साहेब, माझ्याकडं सायकल नाय."

तेव्हा साडू पुढं आला आणि हँडल माझ्या हातात दिलं. "घे. मी नाय तर नाय. ही तरी जाऊ दे."

शिट्टी वाजली. लोकांच्या टाळ्या संपायच्या आत मी पहिल्या वळणावर आडवा. साडू धावत आला. हो, धावत! आधी सायकल उचलली, चाक फिरवून बघितलं, साखळी बघितली. मग मला म्हणाला, "हिला काय लागलं नाय. ऊठ."

साहेब भला माणूस, तो पण आला. म्हणाला, "काका, सायकलवर विकणं बंद केलंत तर पुढच्या खेपेला तुम्हाला घेऊ." बोलून गेला तो. आमच्या ह्यानं खरं धरलं. टोपल्या घरात, मेहुणी बाजारात गोणपाट पसरून सुकट विकायला बसली, आणि हा सकाळी उठून रिकामी सायकल घेऊन हौस करायला चालला. माझी बायको मला म्हणते, "भावजींना येड लागलं. तुमच्या संगतीनं."

मी विचारलं, "मजा येते का?"

"हलकी लागते रं. पन कुठं थांबायचं तेच कळत नाय."

एकदा मी जीपच्या मागं लटकून दाभोशाकडं चाललो होतो. एका पाड्यावर सीट उतरवायला थांबलो, तर हा झाडाखाली उभा आणि पुढ्यात एक म्हातारी, हातात ताटली.

"बोंबील दे."

"नाय आनले, आजी."

"सुकट?"

"नाय."

"मग आलास कशाला?"

"हौशीला."

"हौशीला म्हंजी?"

माझा साडू, चढाशी भांडणारा, जीपशी भांडणारा, शिट्टीवाल्या साहेबाशी भांडणारा, त्या म्हातारीपुढं रिकाम्या कॅरिअरकडं बघायला लागला. तिनंच मग म्हटलं, "बस. नागलीची भाकर हाय. लावायला काय नाय, तूच आनलं नायस. आता कोरडी खा माझ्यासंगं." तो बसला. कोरडी भाकर मान खाली घालून खाल्ली. दुसऱ्या दिवशी टोपल्या पुन्हा सायकलवर.

यंदा ते शर्यतवाले पुन्हा आले. मला कुणी विचारलं असतं तर मी अजून पात्रच होतो. घाटाच्या तोंडाशी त्यांनी रस्ता अडवला, जीपा थांबवल्या, म्हणून मी तिथंच उभा होतो. तेवढ्यात साडू आला, दोन्ही टोपल्या भरलेल्या. त्याच टोपीवाल्या साहेबानं हात आडवा केला. "काका, जरा थांबा हं. शर्यत आहे."

मला वाटलं, आता पेटणार. पण तो थांबला. एक पाय खाली टेकवला, आणि कडंला उभं राहून एकेकाला चढताना बघत राहिला. एक पोरगा पार दमला होता, तर त्याला म्हणाला, "खाली नको बघू रं, चढ मोठा दिसतो." सगळे गेले, शेवटचा पण गेला. मग साडूनं टोपीवाल्याला विचारलं. चिडून नाय, टोमणा मारून नाय, पाव्हण्याला जेवण झालं का विचारावं तसं.

"झाली का हौस? जाऊ का मी आता?"