पैसे दुसऱ्याचे

हसणार नसाल तर सांगते. हसणारच आहात म्हणा. निदान तोंडातला चहा गिळून मग हसा.

आमचा भाचा अभय, नणंदेचा मुलगा, अमेरिकेत कॉम्प्युटरवर संशोधन करत होता. तेव्हा आमच्या गल्लीला ठाऊक असलेला कॉम्प्युटर एकच, पतपेढीतला, खोळ घातलेला. त्या खोलीत जाताना मी चपला बाहेर काढायची. कोण जाणे, सोवळ्यातला असला तर! तर असा हा विद्वान नवरात्रात सांगलीला उतरला आणि मी नऊ दिवस नुसत्या दुधावर असताना माझ्यासमोर बसून साबुदाण्याचे वडे हाणू लागला.

"काय रे, तू नक्की करतोस काय तिकडं?"

"लिलावांवर काम करतो, मामी."

"अडत दुकानात लागलास? अरे, मग एवढं शिकलास कशाला? मामांनी तुला मॅट्रिक झाल्या झाल्या हळदीच्या बाजारात चिकटवला असता!" आमचे हे तिथंच दिवाणजी होते.

"अगं, तसं नाही. मी अल्गोरिदम लिहितो. निर्णय घ्यायची रीत. ऑनलाइन निर्णय म्हणजे कसं, पुढं काय येणार ते माहीत नसतं, समोर आलंय त्यावर लगेच ठरवायचं आणि नंतर फिरवायचं नाही."

"बाळा, याला आमच्यात लग्न म्हणतात."

तो हसला नाही. विद्वान ना!

पण लिलाव म्हटल्यावर माझे कान टवकारले. माझ्या सुमनला, इस्लामपूरला दिलेल्या लेकीला, आठ वर्षांनी दिवस गेले होते. अष्टमीला देवीच्या अंगावर असलेली हिरवी साडी नेसवून तिचं डोहाळजेवण करीन, असं मी देवीपुढं बोलून बसले होते. आता देवीच्या साड्यांचा लिलाव व्हायचा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि दरवर्षी काय? मी चारशे म्हटलं की सराफाच्या पोतदारवहिनी बांगड्या मागं सारून म्हणायच्या, "पाचशे!" झालं. मी प्रसाद घेऊन घरी.

मी अभयला सगळं सांगितलं. तो वडा खाली ठेवून म्हणाला, "मामी, ओरडून लिलाव करणंच चूक. ईर्ष्या वाढते. प्रत्येकानं गुपचूप आकडा सांगायचा. वस्तू पहिल्याला, पैसे दुसऱ्याचे. मग कुणी खोटं बोलायचं कारणच उरत नाही."

"पैसे दुसऱ्याचे?"

"दुसऱ्याचे."

"नक्की?"

"मामी, सिद्ध झालंय ते!"

आता मला सांगा, एवढी स्वच्छ गोष्ट समजायला अजून काय लागतं? साडी एकीला, पैसे भरण्याचं पुण्य दुसरीला! देवीच्या दारातून कुणीच रिकामं जायचं नाही. अमेरिकेत इतकी धार्मिक माणसं असतील असं मला वाटलं नव्हतं.

मी तडक देवळाच्या पंचांकडं गेले. अमेरिकेची पद्धत म्हटल्यावर त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही, की ती तिथल्या कुठल्या देवीला लावतात. ठरलं. प्रत्येकानं नंदीच्या कानात सांगतात तसं गुरवीण हौसाबाईंच्या कानात आकडा सांगायचा.

लिलावाच्या संध्याकाळी बायकांना नियम समजावायचं काम अर्थातच माझ्याकडं!

"म्हणजे साडी तुम्ही न्यायची आणि पैसे मी भरायचे?" पोतदारवहिनींनी विचारलं.

"अहो, पण पुण्य तुम्हाला!"

"पुण्य तुम्हीच न्या हो. मला साडीच बरी."

पण त्यांचा चेहरा पडला. एकेकीचा पडला. दुसरा नंबर आपला लागू नये म्हणून जी ती हौसाबाईंच्या कानाशी जाऊन इतका चिल्लर आकडा पुटपुटू लागली, की हौसाबाईंचं तोंड कडू झालं. मी मात्र निर्धास्त. पैसे दुसऱ्याचेच आहेत, तर देवीपुढं हात आखडता कशाला? सांगितले पाच हजार एक! हौसाबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू माझ्याच अंगात आलंय.

तेवढ्यात हे आणि अभय बाजारातून आले. ह्यांनी अभयला हळदीचे सौदे दाखवायला नेलं होतं. दोघं कुठं उभे राहिले ते मी पाहिलंही नाही. मी डोळे मिटून जप करत होते, जी कोण दुसरी येईल तिच्यासाठी!

हौसाबाई उभ्या राहिल्या. "पयला आकडा वैनींचा. पाच हजार एक!"

सगळ्या बायका वळून माझ्याकडंच बघू लागल्या.

"दुसरा, एकवीसशे एक."

"अगंबाई, कोण गं बिचारी?" मी कळवळून विचारलं.

"बिचारी न्हवं, बिचारं! आवं, तुमचंच मालक की!"

मी वळून बघितलं. हे खांबाआड टोपी चाचपत उभे. "दरवर्षी तोंड पाडून येतेस," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, लुना घ्यायला साठवलेत, यंदा तुला साडी घेऊनच टाकू."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोतदारवहिनींच्याही आलं, पण हसून. "नियमानं दिवाणजींनी भरायचे!"

अभय धावत पुढं आला. "नाही नाही! दुसऱ्याचे म्हणजे दुसऱ्यानं नाही! दुसऱ्या नंबरचा आकडा, पण भरायचा मामीनं!"

झालं! पंचांत दोन तट पडले. नवऱ्यानं भरायचे की बायकोनं? अभय जमिनीवर खडूनं काहीतरी मांडू लागला. शेवटी हौसाबाई वैतागल्या. "आवं, येड लागलंय का समद्यास्नी? ह्यानं भरलं काय आन् तिनं भरलं काय, पाकीट एकच हाय की!"

अभय खडू हातात धरून तसाच थबकला. "मामी, कुठलाही नियम लावला तरी देवीचं उत्पन्न तेच! हे लिहून काढायला हवं!"

"ते काढशील," हे पाकीट उघडत म्हणाले. "मला एवढंच सांग, मी आकडा सांगितलाच नसता तर?"

अभयनं हौसाबाईंना तिसरा आकडा विचारला. पोतदारवहिनींचा होता.

"मग मामीला साडी अकरा रुपयांत पडली असती."

सुमननं ती साडी नेसली, दृष्ट लागण्यासारखी दिसली, गुटगुटीत नातही झाली. देवीनं माझं सगळं ऐकलं. फक्त अख्ख्या सांगलीत माझ्याविरुद्ध साडीची किंमत चढवणारा एकच माणूस निघाला, आणि त्याचं भलं व्हावं म्हणून मी डोळे मिटून जप करत होते!