मोळीवाली आणि एकवीस उपाय

मी अकरावीला होतो तेव्हा परीक्षेच्या नुसत्या नावानं मला घाम फुटायचा. त्यावर मामांनी एक पुस्तक आणून दिलं. तरुणांच्या मनातली भीती घालवायचे एकवीस उपाय त्यात होते. ते सगळे कधी करून होणार, ही एक नवीच काळजी माझ्या मागे लागली.

शाळा लोणावळ्याला. रोज सकाळी मळवली स्टेशनात गाडीची वाट बघत मी डोळे मिटून पुटपुटायचो, "मी निर्भय आहे, मी निर्भय आहे." तिथंच एक बाई लाकडाची मोळी उतरवून टेकायची. डोक्यावरची चुंबळ सोडून त्याच फडक्यानं तोंड पुसायची. गाडी दिसली की म्हणायची, "जरा हात लाव रं." मी मोळी तिच्या डोक्यावर चढवून द्यायचो. नाव कधी विचारलं नाही.

एके दिवशी तिनंच विचारलं, "रोज काय म्हनतूस रं?"

मी उपाय समजावून सांगितला.

"मंग भ्या गेलं का?"

"नाही."

"मंग खोटं कशाला बोलतूस? मला बी रोज फारेस्टवाल्याचं भ्या वाटतं. म्हनून मोळी टाकून पळू व्हय? भ्या बी डोक्यावं घ्याचं आन् चालाय लागायचं. हं, हात लाव."

मी पास झालो. श्रेय अर्थातच पुस्तकाला मिळालं. ते मामांनी आणलं होतं ना!

पुढं मी मास्तर झालो आणि मुलांसाठी तसलंच एक पुस्तक लिहिलं. त्यात ती बाई नाही. तिचं म्हणणं चार ओळींत संपत होतं आणि प्रकाशकाला दोनशे पानं हवी होती.