ह्यांच्या कानाला चालतील असे इअरफोन

आमचे हे कुठलीही वस्तू आधी बघत नाहीत, ऐकतात. लग्न करून मी या घरात आले, तेव्हा माझ्याबरोबर माझं शिलाई मशीनही आलं. ह्यांची ओळख आधी मशीनशी झाली. लांबलचक स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक मशीनच्या अंगाला टेकवलं, मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटून म्हणाले, "हिला खाली डावीकडे तेल हवंय." मी नवी नवरी समोर उभी, आणि हा माणूस मशीनच्या पोटातलं ऐकतोय! मनात म्हटलं, बरं आहे बाई, निदान ऐकून घेणारा तरी मिळाला.

बाटल्या भरण्याच्या कारखान्यात हे फिटर आहेत. पट्ट्यावरून हजारो रिकाम्या बाटल्या एकमेकींना आपटत येतात, आणि तो किणकिणाट उभा जन्म ह्यांच्या कानावर पडत आला आहे. कानात स्पंजचे बोळे असतात, तरी व्हायचं ते झालंच. ह्यांना आता बारीक, टोकदार आवाज सहन होत नाही. फरशीवर चमचा पडला तर सुई टोचल्यासारखं तोंड करतात. म्हणून आमच्या ओट्यावर कायम जाड फडकं अंथरलेलं असतं आणि ताटंवाट्या मी त्यावर अशा अलगद ठेवते की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, घरात तान्हं बाळ झोपलंय. चिडते, बडबडते, पण फडकं मीच बदलते.

आमची एकुलती एक लेक घुमी. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलं, कारण बोलायच्या नावाने आनंदच. शाळेतून आली की दप्तर ठेवायची आणि बाबांशेजारी जाऊन बसायची. दोघं मिळून जुना पंखा खोलत बसायची, तासन्‌तास एक शब्द नाही. मी मधूनमधून जाऊन दोघं जिवंत आहेत ना ते बघून यायचे. आता ती दुसऱ्या शहरात नोकरी करते, आणि नोकरी झाल्यावर चौघांच्या एका बँडमध्ये बेस गिटार वाजवते. जाड तारांची, खालच्या सुरातली. मी विचारलं होतं, "अगं, वाजवायचंच होतं तर जरा पुढे उभं राहून वाजवायचं काहीतरी घ्यायचंस." तर म्हणाली, "आई, मला मागेच बरं वाटतं."

मागच्या वर्षी तिने त्यांचं पहिलं गाणं फोनवर पाठवलं. आम्ही दोघांनी ते फोनच्या स्पीकरवर लावलं. गाणारा मुलगा ऐकू आला, ढोल-झांजांसारखं काहीतरी धडाधडा वाजलं, दुसरी गिटार ऐकू आली. मला तर बाई सगळंच छान वाटलं. ह्यांनी चार वेळा लावलं, फोन कानाला चिकटवला, मग लेकीला फोन केला आणि सरळ म्हणाले, "सगळं चांगलं आहे गं. पण त्यात तू कुठे आहेस?"

मग घुमी म्हणाली, "असू दे बाबा," आणि फोन माझ्याकडे द्यायला सांगितला.

झालं! त्यानंतर गाणी यायची बंद झाली. फोन यायचे ते माझ्याच फोनवर. "बाबा कसे आहेत?" एवढं विचारायची, पण बाबांना फोन दे म्हणायची नाही. मी ह्यांना शंभरदा सांगितलं, "अहो, एवढुसं खोटं बोला. 'ऐकलं, छान वाजवलंस' म्हणा, पोरीचं मन राहील."

"न ऐकता छान कसं म्हणू? न ऐकता मी कधी मोटार पास केलेली नाही."

"ती मोटार आहे का? पोटची पोर आहे!"

"म्हणूनच," हे म्हणाले आणि चहा तसाच टाकून उठले. मला इतका राग आला की विचारू नका. पण खिडकीतून पाहिलं तर हे बाहेर पायरीवर बसून तेच गाणं पुन्हा कानाला लावून बसलेले. मग राग कुठला टिकतोय.

कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं की फोनच्या स्पीकरमधून खालचा सूर बाहेरच पडत नाही, त्याला चांगले बेसवाले इअरफोन लागतात. झालं, हे हट्टाला पेटले. आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदार बोलका. त्याने विचारलं, "काका, कसला आवाज आवडतो?"

"खालचा ऐकू आला पाहिजे आणि वरचा टोचता कामा नये," हे म्हणाले.

"म्हणजे बेस जास्त आणि आवाज मऊ. हे घ्या!" त्याने एक चकचकीत डबी उघडली. ह्यांनी ते कानात घातले, गाणं लावलं आणि झांज वाजताच दोन्ही बोंड्या अशा उपटून काढल्या की दुकानदारच दचकला. दुसरे दिले. ते टोचले नाहीत, पण ह्यांचं म्हणणं, खाली काहीच नाही. तरी दुकानदार छातीला हात लावून सांगत होता, "काका, यात एवढा बेस आहे की डोकं गरगरेल," म्हणून घरी आणले. दोन दिवस ऐकले. काही नाही. परत दिले. तिसरे आणले. तेही तसेच. चौथ्या वेळेला दुकानदाराने आम्हाला लांबून येताना पाहिलं आणि तो उगाचच खाली वाकून काहीतरी शोधायला लागला.

शेवटी त्याने एक साधी काळी जोडी काढली. "काकू, आता याच्यापुढे माझ्याकडे काही नाही. मी स्वतः हेच वापरतो. लोण्यासारखा आवाज आहे. हेही नाही आवडले तर मला माफ करा." सोबत लहान-मोठ्या रबरी टोप्यांची पिशवीही दिली.

त्या रविवारी दुपारी ह्यांनी ते कानात घातले, गाणं लावलं आणि खुर्चीत डोळे मिटून बसले. मी समोर एका झग्याला टीप मारत होते, पण सगळं लक्ष ह्यांच्या तोंडाकडे. गाणं संपलं. ह्यांनी हळूच इअरफोन काढून टेबलावर ठेवले.

"टोचत नाही," म्हणाले. "पण ती नाहीच."

"दाखवा बघू इकडे." मी आयुष्यात कधी असलं काही कानात घातलं नव्हतं. चांगले आत दाबून बसवले आणि गाणं लावलं. आणि काय सांगू! गाण्याच्या खाली दुसरं काहीतरी चाललेलं होतं. जाड, गोल, सावकाश. छातीत वाजत होतं म्हणा ना. तो मुलगा गात होता तो सगळा त्याच्यावर उभा राहून गात होता. माझी पोर! एक अक्षर न बोलता सगळ्यांना अंगाखांद्यावर घेऊन चालली होती.

"अहो, आहे की! घुमी आहे यात! केवढी आहे!" मी ओरडले.

मी हसत होते, आणि हे माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझेच कान गेले."

माझं हसू तिथेच थिजलं. ह्या माणसाचे कान म्हणजे ह्यांचं सगळं आलं त्यात. ह्यांनी इअरफोन पुन्हा उचलले, पुन्हा घातले, खालमानेने ऐकत बसले. हात गुडघ्यावर. दवाखान्यात कधी जायचं, पोरीला काय सांगायचं, असले विचार डोक्यात घोंघावायला लागले. आणि ह्यांच्या कानाकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं की इअरफोन कानात नाहीतच. कानाच्या दारात नुसते लटकलेत. आता पडतील की मग.

आणि मला एकदम कारखाना आठवला. एकदा घरच्यांना कारखाना बघायला बोलावलं होतं, तेव्हा साहेब माझ्यासमोर ह्यांच्यावर डाफरले होते, "बोळे आत घाला, आत! अर्धे बाहेर काय लोंबतायत?" हे हसून म्हणाले होते, "पुरते आत घातले तर मशीन काय म्हणते ते कसं कळणार?" हे बोळे कधीच पुरते घालायचे नाहीत. साहेब आले की दाबायचे, गेले की पुन्हा सैल. इतकी वर्षं अर्धा बोळा आत आणि अर्धा बाहेर ठेवून ह्यांची बोटं तशीच वळली होती. कानात काही घालायचं म्हणजे असंच घालायचं! चारही जोड्या ह्यांनी अशाच ऐकल्या होत्या, आणि आम्ही त्या बिचाऱ्या दुकानदाराला वेठीला धरलं होतं.

"देवा रे देवा!" मी कपाळावर हात मारला. "हलू नका."

मी पिशवीतली मोठी टोपी काढून बोंडीवर चढवली. शाळेत मास्तर धरायचे तसा ह्यांचा कान वर ओढून धरला आणि इअरफोन आत दाबला. मग दुसरा.

"अगं, काय करतेस? मला बाहेरचं काही ऐकू येईना!"

"नकोच यायला!" मी खुणेनेच सांगितलं आणि गाणं लावलं.

आधी ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग आठ्या गेल्या. मग उजवा हात गुडघ्यावरून उठला आणि हवेतच थांबला, कुणाला तरी 'थांब, ऐकू दे' म्हणावं तसा. गाणं संपलं तसं पुन्हा लावलं. तिसऱ्या वेळी ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही भान नव्हतं. मीही रडले. लपवायचं काय त्यात?

"लाव तिला फोन," शेवटी इअरफोन काढून हे म्हणाले. मी लावला, स्पीकरवर ठेवला आणि सांगितलं, "घुमे, बाबांना बोलायचंय." मी मनात म्हटलं, देवा, आता तरी ह्यांच्या तोंडून गोड शब्द निघू दे.

"ऐकलं," हे म्हणाले. "दुसरं कडवं सुरू होतं ना, तिथे तू एक ठोका उशिरा आलीस."

मी ह्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की बस्स! वर्षभराने पोर ह्यांना फोनवर भेटली आणि हे चूक काढतायत! पण पलीकडून आवाज आला तो रडण्याचा की हसण्याचा तेच मला कळेना.

"बाबा," घुमी म्हणाली, "ते बँडमध्ये कुणालाच कळलं नाही. रेकॉर्डिंग करणाऱ्यालाही नाही. सगळे म्हणतात छान झालं, छान झालं. मला एकटीला माहीत होतं." मग म्हणाली, "तुम्ही खरंच ऐकलंत मला."

"पुढच्या दोन ओळींत तू ते भरून काढलंस. घाई न करता. ते फार चांगलं केलंस."

"आणखी सांगा," ती म्हणाली. आमची घुमी म्हणाली, आणखी सांगा! आणि मग बापलेकीचं जे सुरू झालं, त्यात मी दोनदा चहाचं विचारलं तरी कुणी दाद दिली नाही. वर्षभर पाठवायची राहिलेली सगळी गाणी तिने त्याच संध्याकाळी पाठवली.

हे खुर्चीत नीट टेकून बसले. स्वतःच्या हाताने कान वर ओढला आणि दोन्ही बोंड्या पार आतपर्यंत बसवल्या. माझ्या हातून मोठं पातेलं निसटलं आणि फरशीवर धाडकन आपटलं. मी जीभ चावून ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी डोळेही उघडले नाहीत, लेकीचं ऐकत बसले होते.